लुई महाराजांची डुकरं

"लुई नाही, मास्तर. लुई महाराज," दिवाणसाहेब म्हणाले.

मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. "सोळावे लुई महाराज."

"श्रीमंत सोळावे लुई महाराज."

"ते ख्रिश्चन होते, साहेब."

"ख्रिश्चन माणूस श्रीमंत नसतो का?"

मी 'श्रीमंत' लिहिलं. तांबगिरी संस्थानच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला लागून मला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत आली होती. माझ्या आधीच्या मास्तरांनी वर्गात याच लुईचं डोकं 'उडवलं' असा शब्द वापरला आणि दिवस मावळायच्या आत त्यांचं बिऱ्हाड बैलगाडीत बसून संस्थानाच्या हद्दीबाहेर गेलं होतं. त्यांच्या जागेवर मी आलो. तेव्हा लुईला श्रीमंत म्हणायला माझी काही हरकत नव्हती. उद्या दिवाणसाहेबांनी त्याला गोब्राह्मणप्रतिपालक म्हणायला सांगितलं असतं तर मी तेही म्हटलं असतं.

आमच्या संस्थानात एक पद्धत होती. पाडव्याच्या आधी मॅट्रिकची मुलं राजवाड्यात न्यायची आणि सरकारांनी स्वतः त्यांना प्रश्न विचारायचे. त्याला हुजूरपरीक्षा म्हणत. एरवी सरकार 'अकबराच्या मुलाचं नाव काय' असलं काहीतरी विचारून जांभई देत आणि मुलांना पेढे वाटून रिकामे होत. पण त्या वर्षी ते नुकतेच विलायतेहून परतले होते. पॅरिसजवळचा तो आरशांचा राजवाडा त्यांनी पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी फ्रान्सशिवाय दुसरा विषय नव्हता. ते फ्रान्सबद्दलच विचारणार आणि फ्रान्सबद्दल विचारायचं म्हणजे राज्यक्रांतीच निघणार, हे दिवाण गणपुल्यांनी बरोबर ओळखलं होतं.

"पुढे लिहा," ते म्हणाले. "श्रीमंत सोळावे लुई महाराज हे अत्यंत दयाळू व प्रजाहितदक्ष होते. तथापि काही वाचाळ लोकांनी भोळ्या रयतेची दिशाभूल केल्यामुळे त्या देशात खेदजनक प्रकार घडले. पूर्णविराम."

"साहेब, पण मुंबईला मॅट्रिकच्या पेपरात मुलांनी हे लिहिलं तर नापास होतील."

गणपुले माणूस वाईट नव्हता. शांत, स्वच्छ, कधी आवाज न चढवणारा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग मुंबईला मुंबईचं लिहू दे. राजवाड्यात राजवाड्याचं सांगू दे. मुलांना दोन उत्तरं पाठ होत नाहीत का? आणि मास्तर, पोरांना बजावून ठेवा. सरकारांनी विचारल्याशिवाय सरकारांशी एक अक्षर बोलायचं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर. अर्ज-विनंत्या काय असतील त्या आमच्या कचेरीतून."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते मला ठाऊक होतं. ते हिंदुराव पोवारसाठी होतं.

हिंदुराव माझ्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा. मुलगा म्हणायचं, पण वय अठरा, मिसरूड फुटलेलं आणि उंची अशी की फळ्याच्या वरच्या कडेचा खडू तोच पुसायचा. खडकेवाडीहून रोज चालत यायचा. त्याचे वडील जोती पोवार महिन्याभरापासून राजवाड्याच्या देवडीतल्या कोठडीत होते. गुन्हा काय, तर शाळूच्या उभ्या पिकात शिरलेलं रानडुक्कर त्यांनी मारलं. खडकेवाडीचं रान सरकारांच्या शिकारीसाठी राखीव होतं आणि रानातलं जनावर रान सोडून कुणाच्या शेतात आलं, तरी ते सरकारांचंच. पाडवा झाला की जोतीला हद्दपार करायचं आणि जमीन खालसा करायची, असा हुकूम झाला होता. सरकारांच्या सहीचा हुकूम. पण सरकार समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही करत, एवढं संस्थानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हिंदुराव अर्ज घेऊन कचेरीत खेपा घालत होता. दर वेळी कारकून 'साहेब बघतील' म्हणायचा.

वर्गात मी दोन्ही उत्तरं घोकून घेतली. आधी मुंबईचं, मग राजवाड्याचं. राजवाड्याच्या उत्तराला मुलं तोंडावर हात धरून हसायची, मी डोळे वटारायचो आणि मग मलाच हसू यायचं. मुंबईचं उत्तर शिकवताना मात्र मला राहवेना. फ्रान्सचे कर समजावून सांगायचे तर आपल्याकडचेच शब्द लागतात. 'कॉर्व्हे' म्हटलं की पोरं माझ्याकडे टकामका बघायची, 'वेठ' म्हटलं की माना डोलवायची. सरदार-पाद्री करातून मोकळे आणि सगळा भार रयतेवर, मिठावर कर, पाव महाग. मग मी सांगितलं की तिथे शिकारीचा हक्क फक्त राजाला आणि सरदारांना होता, त्यांची डुकरं-हरणं पिकं खाऊन जायची आणि शेतकऱ्यानं हात लावला तर त्याला शिक्षा व्हायची.

"कसली डुकरं, गुरुजी?" हिंदुरावानं विचारलं.

"रानडुकरं."

"आनि ते मारायचं न्हाई?"

"नाही."

तो खाली बसला. मी घाईघाईनं पुढच्या मुद्द्यावर गेलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्याला थांबवून घेतलं. "हिंदुराव, उद्या तू आला नाहीस तरी चालेल. पोटात दुखतंय म्हणून सांगतो मी."

"का, गुरुजी?"

"उगाच काहीतरी बोलून बसशील. वडिलांचं आणखी बिघडेल."

"आनि काय बिघडायचं ऱ्हायलंय?" तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्यालाच माझी दया आली असावी. "घाबरू नगा, गुरुजी. इचारल्याबिगर मी तोंड उघडनार न्हाई. आईशपथ."

घरी आमच्या कुटुंबाला हे सांगितलं, तर तिनं शांतपणे ट्रंका झटकायला काढल्या. "असू द्या काढलेल्या," ती म्हणाली, "नाहीतरी ऊन दाखवायचंच होतं."

दुसऱ्या दिवशी दरबार महालात मुलं भिंतीशी ओळीनं उभी केली. खजिनदारांचा मुलगा सर्वांत पुढे. गोरागोमटा, वाणी स्वच्छ. फ्रान्सचा प्रश्न आला की त्यानं उत्तर द्यायचं, असं गणपुल्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. हिंदुरावाला मी सगळ्यांत मागे, खांबाच्या आडोशाला उभं केलं. पण एवढ्या उंच माणसाला लपवेल असा खांब त्या महालात नव्हता.

सरकार आले. पस्तिशीचे, गोल चेहऱ्याचे, अंगावर विलायती कोट आणि पायांत चढाव. कोचावर बसले आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी स्वतःच बोलायला लागले. "काय राजवाडा तो! आरसेच आरसे. आपला हा महाल त्याच्या घोड्यांच्या पागेतसुद्धा मावेल. आणि राजा म्हणजे कसा? रोज शिकार! लग्नाचा दिवस असो, दरबार असो, शिकार चुकवायची नाही. तिथल्या माणसानं आम्हाला सांगितलं, तेव्हा आम्ही म्हटलं, हा तर आमचाच भाऊ." सरकार मनापासून हसले, मग गंभीर झाले. "असा रुबाबदार, दिलदार माणूस. त्याच्यावर त्याची रयत उठली का? आम्हाला हे कोडं पडलंय. कोण सांगतं?"

खजिनदारांच्या मुलानं पाऊल पुढे टाकलं. सरकारांचं बोट मात्र त्याच्या डोक्यावरून मागे गेलं.

"तो. तो ताडमाड कोण आहे? तू सांग."

हिंदुराव पुढे आला, वाकून मुजरा केला आणि नम्रपणे, अगदी वर्गात विचारावं तसं त्यानं विचारलं, "कंचं उत्तर सांगू, सरकार? मुंबईचं का राजवाड्याचं?"

महालात पंखा ओढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. गणपुल्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ट्रंका बैलगाडीत चढताना मला स्वच्छ दिसल्या. गाढवा, मी मनात म्हणालो, अरे गाढवा, दोन उत्तरं आहेत हे सांगायचं नसतं रे!

"दोन उत्तरं आहेत?" सरकारांना मोठी गंमत वाटली. "दोन्ही सांग. आधी आमचं होऊ दे."

हिंदुरावानं हात बांधले आणि घडाघडा म्हटलं, "श्रीमंत सोळावे लुई महाराज हे अत्यंत दयाळू व प्रजाहितदक्ष होते तथापि काही वाचाळ लोकांनी भोळ्या रयतेची दिशाभूल केल्यामुळे त्या देशात खेदजनक प्रकार घडले."

"हं," सरकार म्हणाले. "आणि मुंबईचं?"

"ते मोठं हाय, सरकार."

"असू दे. आम्ही हुकूम करतो. सांग."

हिंदुरावानं सुरुवात पुस्तकातल्या भाषेत केली. सरदार आणि धर्मगुरू करमुक्त होते, सर्व कर सामान्य रयत भरत असे, मिठावर कर होता, पाव महाग झाला होता, रयतेची सभा पावणेदोनशे वर्षं भरलीच नव्हती, त्यामुळे रयतेचं म्हणणं राजाच्या कानावर जात नव्हतं. हे सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. मग तो शिकारीच्या हक्कावर आला आणि त्याची ती भाषा सुटली.

"आनि डुकरं, सरकार. त्या लोकान्ला लई डुकरं हुती. रान राजाचं, डुकरं राजाची. शेतकऱ्यानं नांगरायचं, पेरायचं, कनसं भरली की डुकरं येनार. एका रातीत जिमीन अशी उकरनार की नांगर फिरवल्यागत. हाकललं तर गुन्हा. कुंपन घातलं तर गुन्हा, का तर शिकारीच्या घोड्यान्ला आडवं येतंय. मारलं तर मंग इचारूच नगा. मानसानं करायचं काय, सरकार? बांधावर बसून आपलं शेत खाताना बगायचं? एक साल बगंल, दोन साल बगंल. मंग एक दिस उठंलच की."

सरकारांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"हे फ्रान्सचं सांगतोयस?"

"व्हय, सरकार. फ्रान्सचंच."

सरकार माझ्याकडे वळले. "मास्तर, फ्रान्समध्ये रानडुकरं होती?"

सरकारांच्या कोचामागे गणपुले उभे होते. त्यांनी अगदी किंचित, पाहणाऱ्याला कळणारही नाही अशी मान हलवली. नाही म्हणा. एवढंच म्हणायचं होतं मला. नव्हती सरकार, पोरगं चुकलं. ट्रंका परत माळ्यावर गेल्या असत्या. पण हिंदुरावही माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत विनवणी नव्हती. वर्गात उत्तर दिल्यावर मी बरोबर म्हणतो का चूक, हे ऐकायला तो जसा थांबायचा, तसाच थांबला होता. मास्तर म्हणून मला दुसरं काही करताच येईना.

"होती, सरकार," मी म्हणालो. "हरणं, ससे, सरदारांची कबुतरंसुद्धा होती. ती पेरलेलं वेचून खायची. मुलानं सांगितलं ते बरोबर आहे."

"आणि कुणी मारलं तर?"

"फटके, कैद. पुष्कळांना जहाजावर वल्ही मारायला पाठवत."

सरकार यावर जे बोलले ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. ते चिडून म्हणाले, "इतकी डुकरं! आणि आमच्याकडे? गेल्या पौषात आम्ही सगळं रान पालथं घातलं, एक शेपूट दिसलं नाही. गणपुले, आमच्या रानात डुकरं उरलीच नाहीत म्हणून सांगितलंत ना?"

"शिकारखान्याच्या लोकांचा तसा अहवाल होता, सरकार," गणपुले म्हणाले.

हिंदुरावानं सरकारांकडे नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली. ते सरकारांच्या लक्षात आलं.

"काय रे? तुला काही ठाऊक आहे?"

"खडकेवाडीच्या वरल्या अंगाला कळप हाय, सरकार. गाडीरस्ता तितवर जात न्हाई. शिकारखान्याची मानसं तितं चढत न्हाईत."

सरकार कोचावरून पुढे सरकले. "तू पाहिलास?"

"वडिलांनी बगितलाय. त्येंला वाट ठावं हाय. कंच्या वढ्याला पानी पित्यात ते बी ठावं हाय."

"कुठे असतात तुझे वडील?"

"हितंच, सरकार. खाली देवडीत."

"पहाऱ्यावर आहेत?"

"न्हाई. पहाऱ्यात."

सरकारांना आधी कळलं नाही. मग कळलं. "कशाबद्दल?"

"डुक्कर मारलं, सरकार."

"बंदूक कुठली त्याच्याकडे?"

"बंदूक न्हवं. कुऱ्हाड."

"कुऱ्हाडीनं?" सरकार उभे राहिले. सगळा महाल उभाच होता, पण सरकार उभे राहिले म्हटल्यावर आम्ही आणखी ताठ झालो. "कुऱ्हाडीनं रानडुक्कर? जमिनीवर उभं राहून? एकट्यानं?"

"मी कंदील धरला हुता," हिंदुराव म्हणाला.

शिकारी माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी विसरणार नाही. त्यात दया नव्हती, न्यायही नव्हता. निखळ कौतुक होतं. "आम्ही विलायती रायफल घेऊन हत्तीवर बसतो तरी आमचा हात कापतो," ते म्हणाले आणि गणपुल्यांकडे वळले. "असला माणूस आपण कोठडीत ठेवलाय? आमच्याच सहीनं?"

"कायद्याप्रमाणे, सरकार."

"कायद्याचं आम्ही पाहू. त्याला आधी सोडा. पाडव्यानंतर खडकेवाडीला शिकार काढायची. तो वाट दाखवेल. आणि गणपुले, आम्ही जाईपर्यंत डुक्कर शेतात आलं तर ज्याचं शेत त्यानं मारावं. पण मोठा सुळेवाला तेवढा आमच्यासाठी ठेवा म्हणावं." मग पुन्हा खाली बसत त्यांनी मला विचारलं, "मास्तर, मुंबईला मार्क कोणत्या उत्तराला मिळतात?"

"दुसऱ्या, सरकार."

"अस्सं," सरकार म्हणाले. "मग आमचं उत्तर यापुढे शिकवू नका. पोरं नापास होतील."

मुलांना पेढे वाटले. मला मिळालेला पेढा हातातच राहिला. कायद्याचं सरकारांनी पुढे काही पाहिलं नाही, संस्थान विलीन होईपर्यंत तो तसाच होता. पण जोतीला सोडायची आणि हद्दपारीचा व जमिनीचा हुकूम रद्द करायची चिठ्ठी गणपुल्यांनी तिथल्या तिथे लिहिली, त्यावर सरकारांची सही झाली आणि या वेळी सही करण्याआधी त्यांनी ती वाचली. बाहेर निघताना गणपुले माझ्याजवळ थांबले. आता काय ऐकायला मिळतं म्हणून मी उभा. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "कबुतरांचं मला माहीत नव्हतं." आणि चष्मा पुसत निघून गेले. ट्रंका परत माळ्यावर टाकायला हरकत नाही, हे मी त्यावरून ओळखलं.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर मी चक्क खाली बसलो. हिंदुराव माझ्यासाठी कुठूनतरी तांब्याभर पाणी घेऊन आला. ते पिऊन झाल्यावर माझ्या तोंडून आधी शिवीच बाहेर पडली.

"गाढवा, 'कोणतं उत्तर सांगू' असं राजाला विचारतात का? राजवाड्यात राजवाड्याचंच सांगायचं, हे विसरलास की काय?"

"इसरंन कसा, गुरुजी?" तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. "तुमीच सांगितलं हुतं, सरकारांनी इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. अर्ज करावा तर कचेरी आडवी. म्हनलं, आपन बोलायचंच न्हाई. सरकारान्लाच इचारायला लावायचं. एकदा का त्यांनी इचाराय सुरवात केली, की मंग मला नुसती उत्तरं द्यायची हुती. बगा की, मी आपनहून काय बी बोललो न्हाई."

मी आठवून पाहिलं. खरंच, पहिला तो एक सवाल सोडला तर पोरानं आपणहून एक शब्द काढला नव्हता. डुकरं, कळप, वडील, देवडी, कुऱ्हाड, सगळं सरकारांनीच विचारून काढून घेतलं होतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. आम्ही दोघं राजवाड्याच्या पायरीवर वेड्यासारखे हसत बसलो आणि पहारेकरी आमच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात देवडीचं दार करकरलं. जोती पोवार बाहेर आले. दाढी वाढलेली, उन्हामुळे डोळे किलकिले, धोतराचा सोगा हातात. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. हद्दीवर न्यायलाच बाहेर काढलंय असं समजून ते गाडी कुठे दिसते का ते शोधत होते. गाडी नव्हती. समोर हिंदुराव दिसला, त्याच्यामागे ओळीनं मॅट्रिकची सगळी मुलं, हातांत पेढे.

पोरगा धावत जाऊन पाया पडला. जोतींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मुलांकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बघून भीत भीत विचारलं, "मास्तर, आज परीक्षा हुती न्हवं? पास झालं का पोरगं?"

माझ्या हातात तसाच राहिलेला पेढा मी त्यांच्या हातावर ठेवला.

"झालं," मी म्हणालो. "तुम्हीपण झालात. चला घरी."